दिवाणजी आणि सातऱ्याचा पाट

भीमाबाई गोंडाणे ‘जयभीम’ म्हणून हात जोडतात तेव्हा त्यांचे तळहात पूर्ण मिटत नाहीत. बोटांची टोकं एकमेकांना लागतात आणि मधे थोडी पोकळी राहते. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चिमटीत वाकून तसंच राहिलं आहे. चिमटीत काही नसतं. पण बोलता बोलता ती दोन बोटं मधूनच एक बारीक झटका देतात. मिरचीचा देठ तोडायचा झटका आहे तो. काम सुटून बरीच वर्षं झाली, पण बोटांना ते कुणी सांगितलेलं नाही.

नंदनवनमध्ये आमच्या आणि त्यांच्या घरामधली भिंत एकच आहे. तिकडचं हसणं, भांडण, कुकरची शिट्टी इकडे येते. आणि उन्हाळा लागला की ठसका येतो. वर्षाचं तिखट करायचे ते दिवस. गल्लीतल्या बायका भिवापूरची मिरची आणतात आणि कांडपावर नेण्याआधी भीमाबाईंच्या अंगणात ओततात. भीमाबाई नको म्हणत नाहीत. एवढ्याशा ढिगाला काय हात लावायचा, असं म्हणत लावतात.

त्यांचा जन्म भिवापूरजवळच्या एका खेड्यातला. नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होती, हे त्या दर वर्षी एकदा तरी सांगतात, आणि सांगताना कंबर अशी झुकवतात की कडेवर त्या स्वतः आहेत की त्यांच्या कडेवर कुणी आहे ते कळत नाही. चालायला लागल्या तशा त्या आईबरोबर सातऱ्यावर जाऊ लागल्या. मिरचीचे ढीग पसरून जिथे बाया देठ तोडायला बसतात त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. पुढे नत्थू गोंडाण्यांशी लग्न होऊन त्या नागपूरला आल्या. नत्थू पोती उचलायचे, भीमाबाई त्या पोत्यांतला माल निवडायच्या. आधी इतवारीची गोदामं, मग बाजार गेला तिकडे, कळमन्याला. घर बदललं, मालक बदलले; ढीग तसाच लाल राहिला.

सातऱ्यावर प्रत्येक बाईचा आपला पाट असायचा. जमिनीपासून चार बोटं उंच, आंब्याच्या फळीचा. सकाळी तो डोक्यावर घेऊन जायचं, संध्याकाळी डोक्यावर घेऊन यायचं. दुसरीच्या पाटावर कुणी बसायचं नाही. त्यात सोवळं-ओवळं नव्हतं. बसून बसून फळीला त्या बाईचा आकार आलेला असे, दुसरीला तिथे नीट बसताच येत नसे. आणि पाट मिरचीनं इतका मुरलेला असे की लहान पोर त्यावर चुकून बसलं तर रडून आकांत करायचं.

रविंद्र, भीमाबाईंचा एकुलता मुलगा, असा एकदा बसला होता. आजीबरोबर आईचा डबा घेऊन आला, आई नळावर गेलेली, पाट रिकामा. त्याला वाटलं, आईची जागा आहे, आपलीच झाली. पुढचं त्याला फारसं आठवत नाही. आईनं आपल्याला उचललं तेव्हा तिचे हात दोन्हीकडे पंखांसारखे उघडे होते, तिनं आपल्याला नुसत्या कोपरांत धरून नळाखाली नेलं, एवढं आठवतं.

भीमाबाईंनी पोराला कायम असंच उचललं. कोपरांनी. हात कितीही धुतले, तेल लावलं, ताक चोळलं, गुळाच्या पाण्यात बुडवून ठेवले, तरी मिरची नखांच्या मुळाशी राहायचीच. अंगावर दूध पाजताना पोराचा गाल त्यांनी कधी बोटानं पुसला नाही, पदरानं पुसला. वेणी घालायला मुलगी नव्हती ते बरंच, असं त्या म्हणतात. रविंद्रचं न्हाणं, त्याचे डोळे पुसणं, त्याला ताप आला की कपाळ चेपणं, सगळं त्यांच्या सासूनं केलं. आणि रविंद्र बोलायला लागला तेव्हा घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं त्याचं वाक्य होतं, “आई, हात नको लावू.” रागानं म्हणत नसे तो. रस्ता ओलांडायच्या आधी गाडी पाहावी तसं म्हणायचा.

सवयीची वाक्यं माणसापेक्षा जास्त टिकतात. रविंद्र वायरमन झाला, त्याचं काजलशी लग्न झालं, त्यांना दीक्षा ही मुलगी झाली. तरी जेवताना आई ताटात काही वाढायला आली की तो अजूनही ताट जरासं आपल्याकडे ओढतो. भीमाबाई पळीनं वाढतात. दोघांच्याही ते लक्षात येत नाही.

अशा घरात ससा आला.

दीक्षानं तो एका मैत्रिणीकडून बुटांच्या खोक्यात आणला. पांढरा, कान गुलाबी. तिनं नाव ठेवलं कॉटन. मग पुण्याला नोकरी लागली आणि कॉटनला आजीच्या स्वाधीन करून ती गेली. भीमाबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव बदललं. कळमन्याला त्यांच्या अडतीवर एक दिवाणजी होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढऱ्या गादीवर बसलेले, आणि तोंडात अखंड तंबाखू-सुपारीचा खर्रा. तोंड उघडलं तर खर्रा सांडेल म्हणून ते बोलायचे कमी आणि चघळायचे जास्त. नाकाचा शेंडा मात्र सारखा हलत असे. भीमाबाईंनी सशाकडे पाहिलं आणि त्या एकदम म्हणाल्या, “अरे, हे तर दिवाणजी होय.”

तेव्हापासून तो दिवाणजी. रागावल्या की त्या त्याच्याशी आदरार्थी बोलतात. “दिवाणजी, उतरा खाली. माल पाहून झाला असन तर चला.”

माल त्यानं सगळाच पाहिला. आधी काजलच्या चपलांचे पट्टे. मग मोबाइलचा चार्जर, एक नाही, लागोपाठ. मग भिंतीच्या कडेचा रंग, खुर्चीची रबरं, शबनम पिशवीचा बंद, पंख्याच्या रिमोटची बटणं. पडद्याला खालून झालर नव्हती, ती त्यानं लावली. वायरमनच्या घरात वायर खाणारा आला म्हणून गल्लीनं रविंद्रची पुष्कळ थट्टा केली. पानठेल्यावर कुणी तरी विचारायचं, काय रविंद्रभाऊ, घरची लाइन चालू आहे का? रविंद्र हसायचा, पण त्याच्या धंद्यावरचं हे हसू त्याला रुचत नसे.

तो गप्प बसला नाही. घरातली प्रत्येक वायर त्यानं पाइपात घातली, प्लग वर नेले, फ्रिजमागे जाळी ठोकली. काजलनं कारल्याचा रस लावून पाहिला. दिवाणजीनं तो चाटून साफ केला. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, त्यानं घरभर हिरवे ठिपके पडले, एवढंच. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, त्याला चावायला काही नाही मिळालं तर तो जेवूही शकणार नाही; वाळलं गवत द्या, पेरूच्या फांद्या द्या, पुठ्ठा द्या. सगळं दिलं. गवत तो खायचा, पेरूचा पाला खायचा आणि फांदी बाजूला सारून दिवाणाकडे जायचा.

दिवाण म्हणजे बैठकीतला सागवानी पलंग. पहिल्या मोठ्या कामानंतर रविंद्रनं सुतारासमोर बसून करून घेतलेला. पाय गोल, वर बारीक नक्षी. पाहुणा आला की आधी त्यावर हात फिरवायचा. दुपारी भीमाबाई त्यावर झोपतात. दिवाणजीनं त्याचा एक पाय घोट्यापासून कुरतडायला घेतला होता. दिवाणजी दिवाण खातो, हा विनोद काजलनं एकदाच केला. रविंद्र हसला नाही, म्हणून परत केला नाही.

पण भीमाबाईंसाठी तो ससा काय होता, ते सांगायला पाहिजे. पहिल्या दिवशी खोक्यातून बाहेर काढलेला दिवाणजी दीक्षाच्या हातातून पळाला, काजलच्या हातातून पळाला, आणि कोपऱ्यात बसून मिरच्या खुडणाऱ्या भीमाबाईंच्या हाताशी येऊन थांबला. त्यांनी सवयीनं हात वर उचलले, कोपरं पुढे केली. त्यानं मान लांब करून वर उचललेला तळहात हुंगला. शिंकला. परत हुंगला. मग आपली हनुवटी त्या वाकड्या अंगठ्यावर घासली, आणि घासतच राहिला.

“याले आग नाई होत का वं?” भीमाबाईंनी काजलला विचारलं. काजलला काय ठाऊक असणार.

त्या दिवसापासून भीमाबाई त्याला तळहातानं उचलतात. दुपारी भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येतो. इतवारीच्या गोदामाच्या गोष्टी, कोणत्या बाईनं कोणाला काय म्हटलं, नत्थू पोतं पाठीवर असताना उगाच कसे त्यांच्या बाजूनं जायचे. ऐकणारा एकटा दिवाणजी. आपण ज्यांना जुन्या गोष्टी सांगतो ती माणसं कंटाळतात, कारण त्यांना त्यातून काही घ्यायचं असतं. सशाला काही घ्यायचं नव्हतं.

मे महिना लागला. नागपूरचा मे सांगून समजत नाही. भर दुपारी गल्लीत कुत्रंही सावली बदलायला उठत नाही, आणि घराघरात कूलर हीच काय ती देवाची जागा. गोंडाण्यांकडचा कूलर जुना, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पाणी पडलं की सगळ्या बैठकीत ओल्या मातीचा वास. सशाला ऊन सोसत नाही म्हणून भीमाबाई दिवाणजीला कूलरसमोर ठेवायच्या. त्यानं त्या कृपेची परतफेड केली. आधी वाळ्याची एक ताटी आतून पोखरली. मग एका दुपारी, रविंद्र कामावर असताना, पाण्याच्या पंपाची वायर, जी पाइपातून फक्त वीतभर बाहेर होती, तेवढीच वीतभर खाल्ली.

ठिणगी उडाली, घरातली वीज गेली. दिवाणजी वाचला, कारण रविंद्रनं बसवलेल्या यंत्रानं त्याच क्षणी वीज तोडली होती. घामानं निथळत घरी आलेल्या रविंद्रनं अंधाऱ्या बैठकीत वायरची दोन टोकं हातात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. आवाज चढवला नाही. तो म्हणाला की एक दिवस हा मरेल, नाहीतर घर पेटवेल. भिवापूरकडे त्याच्या ओळखीचा धोंडबा म्हणून एक शेतकरी होता, कोंबड्या आणि ससे पाळणारा. बुद्धपौर्णिमेला तो नागपूरला येणार होता. जाताना घेऊन जाईल.

“मी भिवापूरहून आली,” भीमाबाई म्हणाल्या, “आता याले भिवापूरले धाडता. माहं माहेर, याचं सासर.”

“तिथं त्याले मोकळी जागा भेटन, आई.”

“सशाची कोंबडीसारखीच भाजी होते. मले कोन शिकवते.”

रविंद्रनं वायर जोडून दिली. बुद्धपौर्णिमा मात्र त्यानं मागे घेतली नाही.

आता भीमाबाईंपुढे एकच काम उरलं. दिवाणजीनं दिवाण आणि वायर सोडली पाहिजे, आणि ते रविंद्रला पौर्णिमेच्या आत दिसलं पाहिजे. कारलं झालं, निंब झाला. मग त्यांना जे करायला सुचलं ते या गल्लीत दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाचा मिरचीवर एवढा विश्वास नाही. भिवापूरच्या मिरच्या त्यांनी पातेलंभर पाण्यात उकळल्या. काजल खोकत अंगणात आली, मी खोकत अंगणात आलो, समोरच्या घरातले लोक दार उघडून कुठे काय जळलं ते पाहू लागले. भीमाबाई एकट्या आत होत्या, डोळ्यांतून पाणीसुद्धा नाही. ते लाल पाणी त्यांनी हातानंच दिवाणाच्या चारही पायांना, पाइपांना, कूलरच्या कडेला, दाराच्या चौकटीला चोळलं. वाळू दिलं. मग दिवाणजीला आणून सोडलं आणि त्या समोर बसल्या.

दिवाणजी आधी कूलरपाशी गेला. हुंगलं, शिंकला, हनुवटी घासली. मग चौकट. तिथेही घासली. मग दिवाणाचे चारही पाय, एकेक करून, बाजारात फिरावं तसा. शेवटी त्यातल्या एका पायाला अंग लावून तो आडवा झाला, मागचे पाय लांब सोडून, डोळे अर्धे मिटून. आणि थोड्या वेळानं पडल्या पडल्याच त्यानं मान वळवून दिवाणाचा तोच पाय कुरतडायला घेतला. मधून शिंकायचा, परत कुरतडायचा.

त्या संध्याकाळी दीक्षाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं सगळं ऐकलं आणि हसून हसून फोन हातातून पाडला. मग म्हणाली, “आजी, अशी काहून केली वं? तू तर सगळ्या घराले आपला वास लावला. त्याले वाटून राहिलं, जिकडंतिकडं आजीच हाय.”

भीमाबाईंनी फोन काजलकडे दिला. आपले दोन्ही तळहात त्यांनी नाकाशी नेले. मी दारात उभा होतो. त्या तसं करताना मी तरी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवाणाखालून एक गोणपाटाचं गाठोडं ओढून काढलं. आत पाट होता. काम सुटलं त्या दिवशी डोक्यावरून आणून ठेवलेला, तेव्हापासून उघडला नव्हता. मधे बसकणीएवढा खोलगट, कडा गुळगुळीत, रंग मिरचीचाही नाही आणि लाकडाचाही नाही. गोणपाट सुटल्यावर जो वास आला तो तिखटाचा नव्हता. तिखट म्हातारं झालं की त्याचं जे होतं, त्याचा. भीमाबाईंनी पाट फरशीवर ठेवला. त्यावर बसल्या नाहीत. काजलनं विचारलं, बसून पाहता का. त्या म्हणाल्या, गुडघे ऐकत नाहीत. मग त्यांनी पाट दिवाणजीपुढे सरकवला.

त्यानं त्याला चारही बाजूंनी हनुवटी घासली. वर चढून बसला. मग खाली उतरून एका कोपऱ्याला दात लावले.

त्यानंतर त्यानं दिवाणाकडे पाहिलं नाही. वायरींकडे गेला नाही. सकाळ-संध्याकाळ त्या कोपऱ्यातून किरकिर, किरकिर असा बारीक आवाज यायचा, तो आमच्याकडेही ऐकू यायचा. रविंद्र घरी यायच्या वेळी भीमाबाई पाट गाठोड्यात बांधून परत दिवाणाखाली ढकलायच्या, भुसा झाडून घ्यायच्या. रविंद्रनं एक दिवस दिवाणाचे पाय चाचपून पाहिले आणि काजलला विचारलं, काय केलं. काजल म्हणाली, आईंनी केलं काहीतरी. त्याचा चेहरा सैल झाला. धोंडबाला फोन करून नको सांगावं का, असंही तो एकदा म्हणाला. भीमाबाई त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

मधल्या एका दुपारी मी त्यांना विचारलं, पाट संपला की मग काय? त्या म्हणाल्या, “संपन तेव्हा पाहू, भाऊ. मीही काही लय उरली नाई.” आणि हसल्या. त्यांची दोन बोटं तेवढ्यात हवेतला एक देठ तोडून मोकळी झाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका कामावरची वीज बंद होती म्हणून रविंद्र भर दुपारीच घरी आला. भीमाबाई दिवाणावर झोपलेल्या. खाली फरशीवर भुसा, आणि भुशात दिवाणजी, आणि त्याच्या पुढ्यात पाट. एक कोपरा पार गेलेला, दुसऱ्याला दात लागलेले. काजलनं मला नंतर सांगितलं की रविंद्र दारातच बसला. बूटही काढले नाहीत. मग त्यानं पुढे होऊन पाट उचलला. दिवाणजी दोन पायांवर उभा राहिला. भीमाबाईंना जाग आली.

“हा काहून दिला याले?”

“त्याले चावायले पाहिजे काहीतरी. तुहा दिवाण वाचला न.”

“दिवाण नवा करता येते.”

“मले बसायचं होतं तेवढी बसली मी यावर,” भीमाबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या. “आता खाऊ दे गा त्याले. कोनाच्या तरी कामी येऊ दे.”

रविंद्रनं पाटावर हात फिरवला. मधला खोलगट भाग त्याला ठाऊक नव्हता. एकदा बसला होता तेव्हा फक्त आग कळली होती. त्यानं पाट कपाटावर नेऊन ठेवला, उलटा करून, कुणी त्यावर काही ठेवू नये म्हणून. आणि परत कामावर निघून गेला. संध्याकाळपर्यंत दिवाणजीनं दिवाणाचा पाय पुन्हा सुरू केला होता. भीमाबाईंनी त्याला हटकलं नाही. उद्या धोंडबा येणार होता.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली. दर वर्षी त्यांच्याकडे खीर असते आणि दर वर्षी मला बोलावणं असतं. मी गेलो तेव्हा बैठकीत पांढरी चादर, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या, आणि कोपऱ्यात, सणाचा दिवस असूनही, भीमाबाई मिरच्यांचा ढीग घेऊन बसलेल्या. समोरच्या नंदिनीची मिरची, उद्याच कांडपावर जायची आहे, असं त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. दिवाणजी त्यांच्या मांडीला टेकून होता. एका टोपलीत त्याच्यासाठी गवत आणि कोथिंबिरीचे देठ बांधून ठेवले होते. सासरी जाणाऱ्या पोरीची शिदोरी असते तसे.

रविंद्र घरी नव्हता. वंदना होताच कळमन्याला गेला होता. फळबाजारात त्याचं वायरिंगचं काम चालू होतं, पण आज काम कसलं, असं काजल म्हणत होती. तो आला तेव्हा त्याच्या हातात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या होत्या. मोडक्या, पण जाड बघून निवडलेल्या. अंगणात बसून त्यानं पकडीनं एकेक खिळा उपटला. कडा कानशीनं घासल्या. मग आत येऊन एक फळी दिवाणजीपुढे ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

दिवाणजीनं फळी हुंगली आणि तो वळून पाठ करून बसला.

रविंद्रनं फळी दुसऱ्या बाजूनं त्याच्यापुढे केली. दिवाणजी पुन्हा वळला. काजल हसली. रविंद्र हसला नाही. तो त्या सशाकडे पाहत राहिला, मग ढिगाकडे, मग ढिगावर चालणाऱ्या दोन बोटांकडे. धोंडबाचा फोन वाजला. त्यानं उचलला नाही. वाजून बंद झाला.

“आई.”

“काय गा?”

“या फळीले हात लाव.”

भीमाबाईंना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. बोटं मात्र थांबली होती.

“मिरचीचे हात हायेत,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच म्हणून राहिलो. लाव.”

त्यांनी फळी मांडीवर घेतली. आधी एका तळहातानं, मग दोन्हींनी. वरून, खालून, कडांना. तान्ह्या पोराला तेल लावतात त्या हातानं, कुठेही घाई नाही. फळीचा पांढुरका रंग हळूहळू लालसर झाला. त्यांनी ती फरशीवर ठेवली तेव्हा दिवाणजी आला, हनुवटी घासली, आणि कोपऱ्याला दात लावले. नवी फळी हलकी होती, त्याच्या दातांनी सरकायची. तिला धरायला रविंद्रनं दुसऱ्या टोकावर हात ठेवला आणि धरून बसला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी काजलनं घेतला आणि धोंडबाला सांगितलं की खीर खाऊन जा, नेण्यासारखं काही नाही.

रविंद्रच्या कपाळावरून घाम उतरत होता. फळीवरचा हात उचलून त्यानं तो पुसला, डोळ्यांपर्यंत. मग एकदम डोळे मिटून घेतले.

“चोळू नको,” भीमाबाई म्हणाल्या. त्या उठल्या. गुडघे ऐकले. ढीग ओलांडून त्या त्याच्यापाशी आल्या, दोन्ही हात बाजूला उघडे ठेवून त्यांनी कोपरांत त्याचं डोकं धरलं आणि त्याला नळाकडे घेऊन गेल्या.